खडूसारखा पांढरा

सोमवार, २ मार्च

ही डायरी रंगाच्या कंपनीने फुकट दिलेली. दोन महिने तिच्यात दुकानातली मापंच लिहिली, कुठल्या डब्यात कुठल्या रंगाचे किती थेंब, एवढंच. आजपासून घरचंही लिहिणार आहे, कारण घरात एक मोठं काम निघालं आहे आणि ते माझ्यावर सोपवलं गेलं आहे.

लेकीला पुलाच्या कामावर दोन वर्षांसाठी लांब जायचं आहे. २२ तारखेला निघेल. त्याआधी तिला आम्हा चौघांचा फोटो हवा आहे. मोबाइलवरचा नव्हे, स्टुडिओत जाऊन, दिव्यांखाली उभं राहून नीट काढलेला. तिकडे खोलीच्या भिंतीवर लावणार म्हणे. रविवार, १५ तारीख ठरली. जेवताना मी विचारलं, कपडे काय घालायचे? तर म्हणाली, “ते तू ठरव, बाबा. घरात रंग कळणारा माणूस असताना आम्ही कशाला डोकं चालवायचं?”

माझी कॉलर ताठ. एकतीस वर्षं रंगाच्या दुकानात रंग मिसळतो आहे. गिऱ्हाईक उशीचा अभ्रा आणून म्हणतं, भिंत अशी हवी. मी अभ्रा बघतो, डब्यात थेंब सोडतो, ढवळतो आणि भिंत तशी होते. यापलीकडे मला काही येत नाही. घरात साधा खिळा ठोकायचा झाला तर बायको ठोकते. त्यामुळे या एका गोष्टीत कुणी मान दिला की पोटभर जेवल्यासारखं वाटतं.

मंगळवार, ३ मार्च

मान दिला खरा, पण ऐकायला कुणी तयार नाही.

आईने तिचा डाळिंबी झगा सकाळीच कपाटातून काढून पलंगावर पसरून ठेवला होता. ब्याऐंशी वर्षांची आहे. म्हणाली, “मी हाच घालणार. आता उठून दिसायचं नाही तर कधी?” बायकोला शेवाळी हवा, त्यात ती बारीक दिसते असं तिला कुणीतरी सांगून ठेवलं आहे. लेक म्हणाली, इस्त्री लागणार नाही असं काहीही चालेल.

मी तिघींना बसवून समजावलं. डाळिंबी एकटाच सगळ्यांवर चढून बसतो, बाकीच्यांचे चेहरे मग कुणी बघत नाही. शेवाळी दिव्यांखाली मळल्यासारखा दिसतो. तेव्हा चौघांनीही वर पांढरं, आणि खाली ज्याला जे गडद आवडेल ते. आई म्हणाली, पांढरं तर पांढरं, त्यात ठरवायचं काय होतं? मी म्हटलं, पांढरा काय एक असतो? दुधाचा पांढरा वेगळा, मोत्याचा वेगळा, चुन्याचा वेगळा. आपल्याला खडूसारखा हवा, ज्यात दुसऱ्या कशाचा लवलेश नाही.

“म्हणजे आम्ही शाळेत उभे आहोत असं वाटायला नको,” आई म्हणाली. पण झगा तिने घडी करून ठेवला. मान्य झालं असं मी धरून चाललो आहे.

गुरुवार, ५ मार्च

दुकानात बेकरीवाला आला होता. त्याने भिंतीला मोतिया सांगितला होता, रंग मी मिसळला. म्हणे भिंत निळी झाली. “आत आलं की लोकांना थंडी वाजते हो, गरम पाव घ्यायला आलेत ते!” मी म्हटलं, तुमच्या ट्यूबलाइट बदला. फेब्रुवारीत अशीच एक बाई आली होती, तिलाही मी हेच सांगितलं होतं.

धाकटे मालक बाजूला उभे राहून ऐकत होते. थोरले मालक गेल्यापासून दुकान हेच बघतात. मुलगा चांगला आहे, पण महिन्यापूर्वी त्याने रंग मोजायचं मशीन आणून ठेवलं आहे. कापडाचा तुकडा खाली धरायचा की ते आकडे छापतं. त्या मशीनला मी आंधळा म्हणतो. बेकरीवाला गेल्यावर मालक हळूच म्हणाले, “काका, एकदा डोळे दाखवून घ्या ना.”

मी फटकन म्हणालो, माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. तोंडावर म्हटलं, पण इथे खरं लिहितो. डॉक्टरकडे जायची भीती वाटते. त्याने नको ते सांगितलं तर? डबे उचलायला माझी पाठ राहिलेली नाही, बिलं करायला दुकानात मुलगी आहे. रंग ओळखणारे काका, एवढ्यावर मला तिथे स्टूल आहे. ते गेलं तर मी सकाळी उठून जायचं कुठे?

शनिवार, ७ मार्च

घरातले सगळे पांढरे कपडे बाहेर काढले. एकूण एक पिवळे! बायकोला म्हटलं, कपडे धुतेस की नुसते भिजवून काढतेस? ती म्हणाली, “अहो, कालच धुतलेत. उन्हात नेऊन बघा.” उन्हात नेले तर आणखीच पिवळे. तसं सांगितलं. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि ती कपडे उचलून आत गेली. चूक कळली असावी. मीही मग जास्त ताणलं नाही.

घरातले बल्बही पिवळे पडले होते. दोन नवे आणून लावले, तेही पिवळेच निघाले. हल्ली कंपन्या वाटेल ते विकतात.

रविवार, ८ मार्च

आज स्वतःच बाह्या सरसावल्या. कपड्यांचा पिवळेपणा मारायला नीळ असते. बाटलीवर लिहिलं आहे, बादलीभर पाण्याला चार थेंब. चार टाकले, शर्ट बुडवला, काही फरक नाही. दहा टाकले. वीस टाकले. बाटलीवर लिहिणाऱ्याला रंगातलं काय कळतं? शेवटी एक्केचाळीस थेंबांना शर्ट जो खुलला, अगदी खडू! दुकानातही इतका नेमका पांढरा वर्षातून एखाद्या वेळेसच जमतो.

गच्चीत दोरीवर टांगला आणि तिघींना बोलावलं. तिघी रांगेत उभ्या राहून बघतच राहिल्या. आईने तोंड उघडलं तेवढ्यात बायकोने तिचा हात दाबला. लेक म्हणाली, “बाबा...” आणि थांबली. मग म्हणाली, “छान वाळतोय.” माझ्या हाताची सफाई बघून या घरात कुणाची बोलती बंद व्हायची ही पहिलीच वेळ.

त्यांचे कपडेही मीच करून देणार होतो, पण बायकोने ते उचलून छातीशी धरले. “आमचं आम्ही बघतो. तुम्ही हात लावू नका.” म्हटलं, बघा बुवा, पण रविवारी चौघेही एकसारखे दिसले पाहिजेत. एक जरी वेगळा दिसला तरी मी फोटोला उभा राहणार नाही.

बुधवार, ११ मार्च

संध्याकाळी घरी आलो तर स्वयंपाकघराचं दार बंद आणि आत तिघींची कुजबुज. चोरून ऐकायची मला सवय नाही, पण चपला काढायला वेळ लागला. लेक म्हणत होती, “पण आजी, कधीतरी त्याला सांगावं लागणारच ना?” आई म्हणाली, “सांग ना. पण फोटो होऊ दे आधी. फोटोत त्याचं तोंड उतरलेलं मला नको.” बायको म्हणाली, “हळू बोला, आले वाटतं.”

माझ्या लगेच लक्षात आलं. कुणीतरी मुलगा आहे! पुलाच्या कामावरचाच असणार. मला सांगायला घाबरताहेत. मी चिडणार नाही असं ठरवून टाकलं आहे. सत्तावीस वर्षांची मुलगी आहे, तिचं ती बघेल. फक्त तो नेहमी राखाडी कपडे घालणारा नसावा.

जेवताना लेकीची नखं काळपट दिसली. म्हटलं, इंजिनिअर झालीस तरी हात धुवायची अक्कल आली नाही? तर तिने हात टेबलाखाली घेतले. आईचीही बोटं तशीच होती. आईला काही बोललो नाही.

शुक्रवार, १३ मार्च

दोरीवर चारही कपडे वाळताहेत. माझा शर्ट, लेकीचा शर्ट, बायकोचा लांब बाह्यांचा टॉप, आईचा दुसरा, पांढरा झगा. चारही एकाच डब्यातून काढल्यासारखे. दोरीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे दोनदा फिरलो, नावाला फरक सापडला नाही. बायकोला म्हटलं, शिकलीस की! ती म्हणाली, “तुमच्याबरोबर राहून एवढंही येऊ नये?” फार बरं वाटलं.

रविवार, १५ मार्च

झाला एकदाचा फोटो.

फोटोग्राफर बाई चटपटीत, बोलायला गोड. आम्ही आत गेलो तशी म्हणाली, “वा! काय सुंदर निळा निवडलाय. कुणाची निवड?” मी मागच्या पडद्याकडे बघितलं. म्हटलं, बाई, पडदा राखाडी आहे. ती म्हणाली, “पडदा नाही हो, तुमचे...” तेवढ्यात बायको मध्ये पडली, “सासूबाईंना फार वेळ उभं राहवत नाही. आटपू या का?” आईला चांगलं दोन तास उभं राहवतं, मी बघितलं आहे, पण वाद घातला नाही. रंगांवर पोट असलेल्या बाईला राखाडी आणि निळ्यातला फरक कळू नये, याचं मात्र नवल वाटलं.

दिवे इतके प्रखर की प्रत्येक दिव्याभोवती मला वलय दिसत होतं. आई मध्ये खुर्चीवर, आम्ही तिच्या मागे. बाई आईला म्हणाली, “आजी, जरा हसा.” आई म्हणाली, “खालचे दात घरी राहिले, अर्धंच हसेन.” आम्ही सगळे फसकन हसलो आणि तोच फोटो झाला. नंतर आणखी वीस काढले, पण घेतला तोच.

परत येताना लेकीने माझा हात घट्ट धरला होता. म्हटलं, आता मुलाचं निघणार. मी चेहरा प्रेमळ करून ठेवला. ती म्हणाली, “बाबा, एक मागू? डोळे तपासून घेशील?” मी म्हटलं, बघू. आणखी काही सांगायचं आहे का? काहीही असलं तरी सांग, मी चिडणार नाही. ती म्हणाली, “नाही रे, एवढंच.” तो मुलगा बहुधा हातचा गेला. मी जास्त खोदलं नाही.

सोमवार, २३ मार्च

काल लेक गेली. फोटोची एक प्रत ती घेऊन गेली, एक आमच्या बैठकीच्या खोलीत लागली. खिळा बायकोने ठोकला. घरात आवाज नाही. आई सारखी फोटोसमोर जाऊन उभी राहते आणि मला म्हणते, तू चांगला आला आहेस. ती मला असं कधी म्हणत नाही.

गुरुवार, २६ मार्च

आज जे झालं ते लिहायला नको वाटतं आहे, पण लिहितो.

बेकरीवाला परत आला होता. तो गेल्यावर धाकट्या मालकांनी दोन डबे उघडून माझ्यासमोर ठेवले. म्हणाले, “काका, राग मानू नका. यातला पांढरा कुठला?” मला हसू आलं. एक सरळ सरळ पिवळट, दुसरा स्वच्छ. मी दुसऱ्यावर बोट ठेवलं. बिलं करणारी मुलगी खाली बघायला लागली. मग मालक म्हणाले, “काका, तो फिकट निळा आहे.”

मी म्हटलं, लावा तुमचं मशीन. त्यांना लावायचं नव्हतं, मीच लावायला लावलं. आकडे छापून आले. एकतीस वर्षं रंगांत घालवली आहेत, आकडे मलाही वाचता येतात. मालकांचं खरं होतं.

ते म्हणाले, “तुमचं स्टूल कुठे जात नाही. पण डोळे दाखवा. माझ्या बाबांनी असंच टाळलं होतं.” मी हो म्हटलं, मागच्या गोदामात गेलो आणि डब्यांमध्ये बसून रडलो. बेकरीवाल्याला मी ट्यूबलाइट बदलायला लावल्या होत्या. त्याने बदलल्याही होत्या.

सोमवार, ३० मार्च

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाली, चांगला दोन-तीन वर्षांचा असणार. डोळ्यातली काच पिवळी पडत जाते, आणि इतकी हळूहळू की माणसाला पत्ता लागत नाही. “तुम्हाला सगळंच पिवळट दिसत असेल, नाही का?” मी म्हटलं, बल्ब दिसायचे. आधी उजवा डोळा, महिन्याभराने डावा. मी एकच विचारलं, रंग पुन्हा दिसतील का? ती म्हणाली, “दिसतील. आधी थोडे भडक वाटतील, घाबरू नका.” खुर्चीतून उठताना पाय हलके झाले होते. इतके दिवस उगाच जिवाला घोर लावून घेतला.

घरी येऊन बायकोची माफी मागितली. तिच्या धुण्याला नको नको ते बोललो होतो. ती म्हणाली, “मला काय, चार बादल्या जास्त.” मग माझ्या डोक्यात आलं, म्हणजे त्या एक्केचाळीस थेंबांनी माझा शर्ट...? ती म्हणाली, “झाली होती थोडी नीळ जास्त. फोटोत काही कळत नाही, चौघे सारखेच दिसतो आपण.” जीव भांड्यात पडला. लेकीच्या भिंतीवर मी एकटा निळा उभा आहे, हे मला सहन झालं नसतं.

शनिवार, १८ एप्रिल

काल उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी रविवारी काढतील असं लेकीला कळवलं होतं, पण डॉक्टरने आज सकाळीच काढली.

दवाखान्याबाहेर पाऊल टाकलं आणि उभाच राहिलो. समोर एका दुकानाचं शटर होतं, साधं निळं शटर, आणि मी त्याच्याकडे तोंड वासून बघत होतो. बायको म्हणाली, “चला, दुकानदार बाहेर येईल.” तिच्याकडे वळलो तर तिच्या केसांत पांढरे केस, चंदेरी म्हणावेत असे. ते मला इतके दिवस भुरे दिसत होते. खूप छान दिसते ती. तसं म्हटलं तर म्हणाली, ऑपरेशनचा परिणाम आहे, उतरेल.

घरी आलो आणि बैठकीच्या खोलीत फोटोसमोर उभा राहिलो.

आम्ही चौघे निळे आहोत.

थोडी नीळ जास्त झालेले नव्हे. चांगले आकाशी, दुपारच्या आभाळासारखे. मला आधी वाटलं, फोटो बिघडवला त्या बाईने. मग कपाट उघडलं. माझा शर्ट आकाशी. त्याच्या शेजारी बायकोचा टॉप आकाशी, आईचा झगाही आकाशी, आणि सगळे तंतोतंत. परत येऊन उजवा डोळा झाकला. डाव्या डोळ्याने आम्ही चौघे पांढरे स्वच्छ. डावा झाकला की निळे. असं किती वेळा केलं कोण जाणे. मागे आई खुर्चीत बसलेली होती, ती म्हणाली, “कळलं वाटतं.”

म्हटलं, आई, तुम्ही स्वतःचे कपडेही निळे केलेत?

“मग काय करणार? तुझा शर्ट शेजारी टांगला आणि बसलो तिघी बादलीपाशी. इकडे एक थेंब, तिकडे एक थेंब. तुझ्या बायकोचं चारदा बिघडलं. तुला एवढंसं वेगळं दिसलं असतं तर तू उभा राहिला नसतास, तूच म्हणाला होतास.”

मी म्हटलं, मला सांगायचं ना सरळ, नीळ जास्त झाली म्हणून. एक नवा शर्ट आणला असता.

“तुझी लेक सांगायलाच निघाली होती. मीच नको म्हटलं. गच्चीत तू त्या शर्टाशेजारी असा उभा होतास, पहिला नंबर आल्यासारखा. किती दिवसांनी तुला तसं बघत होते. दुकानातून रोज तोंड पाडून यायचास, आम्हाला काय दिसत नव्हतं? मग म्हटलं, चौघांत एक निळा असला तर लोक विचारतील याला काय झालं. चौघेही निळे असलो तर कोण विचारतंय?”

डॉक्टरने डोळ्यात पाणी येऊ द्यायचं नाही असं बजावलं आहे, म्हणून पंख्याकडे बघत राहिलो. आई म्हणाली, “आणि मला बरा दिसतो तो रंग. तू आपला उगाच पांढरा पांढरा करत होतास.”

सोमवारी अर्धा दिवस दुकानात जाणार आहे. धाकट्या मालकांना सांगून ठेवलं आहे, बेकरीवाल्याची भिंत माझ्यातर्फे पुन्हा रंगवून द्यायची. रंग मीच मिसळणार आणि शेवटी मशीनलाही दाखवणार. ते म्हणाले, “मशीन तुमची वाटच बघतंय, काका.”

संध्याकाळी लेकीचा फोन आला. तिकडची हवा, जेवण, तिचा मुकादम, सगळं बोलून झालं. फोटो तिच्या पलंगासमोर लावला आहे म्हणाली, सकाळी उठल्यावर आधी आम्हीच दिसतो. मी विचारलं, “फोटोत आपले कपडे कुठल्या रंगाचे दिसतात गं?”

ती म्हणाली, “पांढरे, बाबा. अगदी खडूसारखे.”

मी म्हटलं, “वाटलंच मला.”

मग तिने विचारलं, “पट्टी कधी काढणार आहेत?”

मी म्हटलं, “उद्या.”